कळत नाही, तिथून पुढे
(प्रस्तावना)

१९८७ साली अमेरिकेत शाळांसाठी जीवशास्त्राचे एक पूरक पुस्तक तयार होत होते. त्याचे नाव ‘ऑफ पांडाज अँड पीपल’. सुरुवातीच्या मसुद्यांत ‘क्रिएशन’, म्हणजे ईश्वराने केलेली निर्मिती, हा शब्द पानोपानी होता. त्या वर्षीच्या जूनमध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने लुइझियाना राज्याचा एक कायदा रद्द केला. शाळेत उत्क्रांती शिकवायची असेल तर ‘निर्मितीविज्ञान’ही शिकवलेच पाहिजे, असे तो कायदा सांगत होता. सरकारी शाळेतून एखादे धर्ममत पुढे करणे घटनेत बसत नाही, असे न्यायालयाने ठरवले. त्यानंतरच्या मसुद्यात सुमारे १५० जागी ‘क्रिएशन’ आणि त्याच्या कुळातले शब्द गेले आणि ‘इंटेलिजंट डिझाइन’ आले. व्याख्या तीच राहिली. एके ठिकाणी ‘क्रिएशनिस्ट्स’ काढून ‘डिझाइन प्रोपोनंट्स’ घालताना बदल करणाऱ्याचा हात चुकला. जुन्या शब्दाचे डोके आणि शेपूट तसेच राहिले आणि नवा शब्द मधोमध जाऊन बसला: ‘सीडिझाइन प्रोपोनंटसिस्ट्स’. दोन जातींमधला दुवा सांगणारा जीवाश्म खडकात सापडावा, तसा हा शब्द पुढे टीकाकारांच्या हाती लागला.

ही चूक दाखवून विषय संपवता आला असता. अनेकांनी तो तसा संपवलाही आहे. मला ते पुरेसे वाटत नाही. नाव बदलून आणला म्हणून कुठलाही युक्तिवाद खोटा ठरत नाही. तो खोटा ठरवायचा तर आधी त्याच्या सर्वांत बळकट रूपात ऐकावा लागतो आणि मग मुद्द्याला मुद्दा द्यावा लागतो. या पुस्तकात मी तेच करण्याचा प्रयत्न केला आहे.

त्यामागे एक कारणही आहे. मी बरीच वर्षे शाळेत विज्ञान शिकवले. उत्क्रांतीचा धडा आला की कुणीतरी हमखास विचारायचे, “सर, डोळ्यासारखी वस्तू आपोआप कशी तयार होईल?” नोकरीच्या पहिल्या काही वर्षांत मी त्या मुलाला “पुस्तकात आहे तेवढे लिही” असे सांगून खाली बसवत असे. त्याची खंत मला आजही आहे. तो प्रश्न बावळट नव्हता. जगातल्या काही अत्यंत तल्लख माणसांनी तोच प्रश्न दोन हजार वर्षे विचारला आहे.

इंग्लंडमध्ये विल्यम पॅली या धर्मोपदेशकाने १८०२ साली तो घड्याळाच्या दृष्टान्ताने मांडला. माळरानावर दगड दिसला तर आपण पुढे जातो, पण घड्याळ पडलेले दिसले तर ते कुणीतरी घडवले असे आपण म्हणतो. डोळा तर घड्याळाहून कितीतरी गुंतागुंतीचा आहे. आपल्याकडे हाच दृष्टान्त घट आणि कुंभाराचा आहे. दहाव्या शतकात उदयनाचार्यांनी ‘न्यायकुसुमांजली’त ईश्वराच्या सिद्धीसाठी जी अनुमाने दिली, त्यांत पहिले हेच: जे जे कार्य, त्याला कर्ता असतो, पृथ्वी आणि अंकुर हीसुद्धा कार्ये आहेत, म्हणून त्यांनाही कर्ता आहे. बौद्ध, जैन आणि मीमांसक पंडितांनी या अनुमानावर शतकानुशतके आक्षेप घेतले. पण मला सर्वांत विचारप्रवर्तक वाटतो तो आक्षेप रामानुजाचार्यांचा. ईश्वरभक्ती हाच ज्यांच्या दर्शनाचा प्राण, त्यांनी ‘श्रीभाष्या’त म्हटले की या अनुमानातून ईश्वर सिद्ध होत नाही. कुंभारावरून अनुमान करायचे, तर कुंभारासारखाच, देह असलेला आणि मर्यादित शक्तीचा कर्ता हाती येतो. तोही एकच असेल असे नाही. ईश्वर शास्त्रातून कळतो, असल्या तर्कातून नव्हे. १७७९ साली प्रसिद्ध झालेल्या संवादांत स्कॉटलंडच्या डेव्हिड ह्यूमने जवळजवळ हीच अडचण दाखवली. म्हणजे रचनेवरून कर्त्याकडे जाणारा हा रस्ता नास्तिकांनीच अडवला असे नाही. श्रद्धावंतांनाही तो कच्चा वाटला होता.

ह्यूमची टीका अचूक होती, पण तिच्यात एक पोकळी होती. कर्ता नको, तर मग डोळा झाला कसा? याचे उत्तर १८५९ पर्यंत कुणाकडे नव्हते. ते चार्ल्स डार्विनने दिले. तरुणपणी केंब्रिजला असताना त्याने पॅलीचा तर्क आवडीने अभ्यासला होता, त्यामुळे प्रश्न किती कठीण आहे याची त्याला पुरी जाणीव होती. प्रत्येक पिढीत थोडेथोडे फरक पडतात. त्यांपैकी जे जगायला आणि वंश वाढवायला उपयोगी पडतात ते टिकतात. लाखो पिढ्यांत ते साठत जातात. विद्यार्थ्याच्या प्रश्नातला ‘आपोआप’ हा शब्द इथेच सोडवून घ्यावा लागतो. फरक पडणे हे योगायोगाचे. पण त्यांतले कोणते टिकणार हे योगायोगाने ठरत नाही. फासे टाकणे आणि चाळणीने चाळणे या दोन वेगळ्या क्रिया आहेत. नैसर्गिक निवड ही चाळणी आहे.

आता विसाव्या शतकाच्या शेवटाकडे येऊ. कॅलिफोर्नियातल्या बर्कली विद्यापीठात कायदा शिकवणारे फिलिप जॉन्सन यांनी १९९१ मध्ये ‘डार्विन ऑन ट्रायल’ लिहून ‘इंटेलिजंट डिझाइन’च्या, म्हणजे रचनावादाच्या, चळवळीला आवाज दिला. सिएटलच्या डिस्कव्हरी इन्स्टिट्यूटने तिला घर दिले. गणिताचा पाया घालण्याचा प्रयत्न विल्यम डेम्ब्स्की यांनी केला. पण तिचा सर्वांत वजनदार युक्तिवाद लीहाय विद्यापीठातले जीवरसायनशास्त्रज्ञ मायकेल बीही यांचा. १९९६ च्या ‘डार्विन्स ब्लॅक बॉक्स’ या पुस्तकात त्यांनी ‘अविभाज्य गुंतागुंत’ ही कल्पना मांडली. उंदीर पकडण्याचा चाप घ्या: फळी, स्प्रिंग, दांडी, खिट्टी. यातला एक भाग काढा. चाप थोडा कमी काम करील असे नाही, तो अजिबात काम करणार नाही. पेशीतही अशी यंत्रे आहेत, असे बीही म्हणतात. काही जिवाणूंना पोहण्यासाठी कशाभिका असते. ती चाबकासारखी नुसती हलत नाही, मोटारीसारखी गोल फिरते. तिला दांडा आहे, चकत्या आहेत आणि सुमारे चाळीस वेगवेगळी प्रथिने आहेत. नैसर्गिक निवड तर प्रत्येक पायरीवर उपयोग मागते. मग अर्ध्या मोटारीचा उपयोग काय? बीही पृथ्वीचे प्राचीन वय मान्य करतात, सजीवांचे पूर्वज समान होते हेही मान्य करतात. त्यांचा आक्षेप नेमका आहे, आणि म्हणूनच त्याला नेमके उत्तर द्यावे लागते.

उत्तर असे. अर्धी मोटार मोटार म्हणून चालत नसेल, पण दुसरे काही म्हणून चालू शकते. प्लेगच्या जिवाणूकडे पिचकारीसारखी एक यंत्रणा आहे. तिच्यातून तो यजमानाच्या पेशीत विषारी प्रथिने सोडतो. ही पिचकारी कशाभिकेच्या मुळाशी असलेल्या प्रथिनांपैकी सुमारे दहा प्रथिनांच्या भाईबंदांनी बनलेली आहे. पिचकारी आधी की कशाभिका आधी, यावर संशोधकांत वाद आहे आणि तो मी पुस्तकात लपवलेला नाही. पण भाग काढले की उरलेले निकामी, हा जो दावा होता, तो या पिचकारीने मोडला. रक्त गोठण्याच्या साखळीचेही तसेच. डॉल्फिनमध्ये या साखळीतला बारावा घटक नसतो, तरी त्यांचे रक्त गोठते. डोळ्याच्या बाबतीत तर पायऱ्या आजही जिवंत आहेत. मृदुकाय प्राण्यांच्या एकाच संघात वाटीसारखा डोळा सापडतो, नॉटिलसचा भिंगाविना सूक्ष्म छिद्राचा डोळा सापडतो आणि ऑक्टोपसचा भिंग असलेला डोळाही. स्वीडनच्या डॅन निल्सन आणि सुझान पेल्गर यांनी १९९४ मध्ये हिशेब मांडला: प्रकाश जाणणाऱ्या सपाट पापुद्र्यापासून भिंगाच्या डोळ्यापर्यंत जायला एकेक टक्क्याचे १,८२९ बदल पुरतात, आणि बेताची निवड धरली तरी चार लाखांहून कमी पिढ्या लागतात. भूगर्भशास्त्राच्या घड्याळात हा निमिषमात्र काळ आहे.

रचनावाद्यांचा आणखी एक प्रश्न रास्त वाटतो. पुरातत्त्वज्ञ दगडावरून माणसाचा हात ओळखतातच ना? प्रवरेकाठी नेवाशाजवळ चिरकी येथे अश्मयुगीन हातकुऱ्हाडी मिळाल्या. त्या पाण्याने घासून झाल्या नाहीत, हे संशोधकांनी ओळखले. मग जीवसृष्टीबद्दल तेच म्हणायला हरकत काय? हरकत अशी की हातकुऱ्हाड ओळखताना आपल्याला कर्त्याबद्दल पुष्कळ माहीत असते. माणसाचा पंजा केवढा, दगडावर दगड आपटला की कपची कशी उडते, कुऱ्हाड कशासाठी लागते, हे सारे तपासता येते. रचनावादात कर्ता कोण, त्याने काय केले, केव्हा केले, कशाने केले, यांपैकी एकाही प्रश्नाला उत्तर द्यायचे नाही असे आधीच ठरलेले आहे. अशा कर्त्याने कुठलीही गोष्ट केलेली असू शकते. म्हणूनच त्याच्यावरून कुठलेही भाकीत करता येत नाही.

या वादाचा गाभा मला इथे दिसतो. उत्क्रांतीचा सिद्धांत स्वतःला अडचणीत आणू शकतो. माणसात गुणसूत्रांच्या २३ जोड्या आहेत, चिंपांझी, गोरिला आणि ओरांगउटानमध्ये २४. पूर्वज समान असेल तर एक अख्खी जोडी नुसती हरवून कसे चालेल? तिच्याबरोबर असंख्य जनुके गेली असती आणि जीव वाचला नसता. तेव्हा दोन गुणसूत्रे जुळून एक झाले असले पाहिजे आणि त्या जोडाच्या खुणा सापडल्या पाहिजेत. त्या सापडल्या. माणसाच्या दुसऱ्या क्रमांकाच्या गुणसूत्राच्या मध्यभागी, एरवी फक्त टोकांवर असणारी अक्षरमालिका आहे, आणि दुसऱ्या मध्यबिंदूचा अवशेषही आहे. त्या सापडल्या नसत्या तर सिद्धांत संकटात आला असता. तसेच ‘टिक्टालिक’चे. मासे आणि चार पायांचे प्राणी यांच्या मधला जीव किती जुन्या आणि कशा प्रकारच्या खडकात मिळेल, याचा अंदाज बांधून नील शुबिन आणि त्यांचे सहकारी कॅनडाच्या उत्तर ध्रुवीय प्रदेशातल्या एल्समिअर बेटावर वर्षानुवर्षे जात राहिले. २००४ मध्ये सुमारे ३७.५ कोटी वर्षांपूर्वीच्या खडकात त्यांना तो मिळाला: खवले आणि पर माशाचे, मान आणि मनगटाची हाडे जमिनीवर येऊ पाहणाऱ्याची. रचनावादाने आजवर असा एकही खडक कुणाला दाखवलेला नाही.

याच काळात हा वाद एका लहान गावात येऊन पोचला. पेनसिल्व्हेनियातल्या डोव्हर इथल्या शाळा मंडळाने १८ ऑक्टोबर २००४ रोजी ६ विरुद्ध ३ मतांनी ठराव केला. नववीच्या मुलांना जीवशास्त्राच्या तासाला एक निवेदन वाचून दाखवायचे: डार्विनची ‘थिअरी’ ही वस्तुस्थिती नाही, तिच्यात त्रुटी आहेत, आणि पर्याय म्हणून ‘ऑफ पांडाज’ हे पुस्तक उपलब्ध आहे. विज्ञानशिक्षकांनी निवेदन वाचायला नकार दिला. शेवटी प्रशासनातल्या अधिकाऱ्यांनी येऊन ते वाचले. अकरा पालक कोर्टात गेले. २००५ च्या सप्टेंबरअखेरीपासून सहा आठवडे हॅरिसबर्गच्या फेडरल कोर्टात सुनावणी चालली. न्यायाधीश जॉन जोन्स यांची नेमणूक अध्यक्ष जॉर्ज डब्ल्यू. बुश यांनी केलेली होती. तत्त्वज्ञानाच्या प्राध्यापिका बार्बरा फॉरेस्ट यांनी ‘पांडाज’चे मसुदे शेजारी शेजारी ठेवून शब्दांची अदलाबदल दाखवली. बीही यांनी उलटतपासणीत मान्य केले की त्यांच्या व्यापक व्याख्येनुसार फलज्योतिषही वैज्ञानिक सिद्धांतात बसेल. रोगप्रतिकारक यंत्रणेच्या उत्क्रांतीवर विज्ञानाकडे उत्तर नाही असे त्यांनी म्हटले होते. त्यांच्यासमोर त्याच विषयावरचे ५८ शोधनिबंध, नऊ पुस्तके आणि पाठ्यपुस्तकांतली प्रकरणे यांचा ढीग ठेवण्यात आला. ते एवढेच म्हणाले की हे पुरेसे नाही.

२० डिसेंबर २००५ रोजी १३९ पानांचे निकालपत्र आले. रचनावाद हे विज्ञान नाही: तो निसर्गापलीकडचे कारण पुढे करतो, ‘उत्क्रांती चूक म्हणजे रचना बरोबर’ अशी खोटी दुफळी मांडतो, आणि त्याच्या आक्षेपांना वैज्ञानिकांनी उत्तरे दिलेली आहेत. मंडळाचे काही सदस्य साक्षीत खोटे बोलले, हेही न्यायाधीशांनी नोंदवले. त्याआधीच, नोव्हेंबरच्या निवडणुकीत, मंडळाच्या ज्या आठ जागांसाठी मतदान झाले त्या सगळ्यांवर मतदारांनी नवी माणसे निवडली होती. नव्या मंडळाने अपील केले नाही.

त्या खटल्यातला पहिला साक्षीदार मला फार मोलाचा वाटतो. पालकांच्या बाजूने साक्ष देणारे ब्राउन विद्यापीठाचे पेशीजीवशास्त्रज्ञ केनेथ मिलर हे श्रद्धाळू कॅथलिक आहेत. गुणसूत्रांचा पुरावा कोर्टापुढे त्यांनीच ठेवला. तेव्हा हा देव मानणारे आणि न मानणारे यांच्यातला झगडा आहे, असे चित्र दोन्ही टोकांकडून रंगवले जाते ते खरे नाही. उत्क्रांतीने देव नसल्याचे सिद्ध केले, असे म्हणणारे वैज्ञानिकही आपल्या अधिकाराबाहेर पाऊल टाकतात, आणि त्यामुळे एखाद्या श्रद्धाळू घरातल्या मुलाला उगाचच दोहोंतून एक निवडावे लागते.

खरा प्रश्न ‘कळत नाही’ या जागेचा आहे. ग्रहांच्या कक्षा एकमेकांच्या ओढीने बिघडत कशा नाहीत हे न्यूटनला उलगडले नाही, आणि ईश्वर अधूनमधून त्या सावरत असावा असे त्याला वाटले. पुढच्या शतकात लाप्लासने त्या बिघाडाचे गणित मांडले आणि ती जागा भरली. न्यूटनहून थोर बुद्धी कुठली? तरीही जिथे तो थांबला तिथून दुसऱ्याने चालायला सुरुवात केली. आजही पुष्कळ जागा रिकाम्या आहेत. निर्जीव रसायनांतून पहिली स्वतःची प्रत काढणारी पेशी कशी झाली, हे विज्ञानाला अजून पक्के माहीत नाही. हे मोकळेपणाने म्हणण्यात कमीपणा नाही. ‘कळत नाही’ असे म्हणून प्रयोगशाळेत जायचे, की ‘कळत नाही, म्हणजे कुणीतरी केले’ असे म्हणून दिवा मालवायचा, यावर दोन वाटा फुटतात.

हा वाद अमेरिकेचा. तिथल्या घटनेतून, चर्चमधून आणि शाळा मंडळांतून तो घडला. आपल्याकडे तो त्याच रूपात नाही, पण त्याचे पडसाद आहेत. जानेवारी २०१८ मध्ये औरंगाबादच्या, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरच्या, एका वैदिक संमेलनात तत्कालीन केंद्रीय राज्यमंत्री सत्यपाल सिंह म्हणाले की डार्विनचा सिद्धांत वैज्ञानिकदृष्ट्या चुकीचा आहे आणि अभ्यासक्रम बदलला पाहिजे. देशाच्या तिन्ही विज्ञान अकादम्यांनी एकत्र निवेदन काढून ते खोडले. २०२३ मध्ये एनसीईआरटीच्या दहावीच्या पुस्तकातून उत्क्रांतीचा भाग गेला, तेव्हा अठराशेहून अधिक वैज्ञानिक आणि शिक्षकांनी खुल्या पत्राने निषेध केला. कारण अकरावीत जीवशास्त्र न घेणाऱ्या मुलाला तो विषय मग कधीच भेटत नाही. महाराष्ट्राच्या राज्य मंडळाने २०१८ मध्ये काढलेल्या दहावीच्या विज्ञान पुस्तकाच्या दुसऱ्या भागात मात्र पहिलाच धडा ‘आनुवंशिकता व उत्क्रांती’ हा आहे. ही आपली जमेची बाजू आहे.

परिभाषेविषयी थोडे. ‘इंटेलिजंट डिझाइन’साठी मी ‘बुद्धिपुरस्सर रचना’ हा शब्द योजला आहे, कारण ‘हेतूने, जाणूनबुजून’ हा त्यातला मुख्य अर्थ मराठीत तो नेमका देतो. ‘थिअरी’चा घोटाळा आपल्याकडे उलटा आहे. इंग्रजी बोलीत ‘थिअरी’ म्हणजे अंदाज, म्हणून डोव्हरच्या निवेदनाला ‘ही नुसती थिअरी आहे’ असे सुचवता आले. मराठीत ‘सिद्धांत’ म्हणजे सिद्ध झालेला शेवट, म्हणून आपल्याला तो कायमचा बंद झालेला वाटतो. विज्ञानातला सिद्धांत या दोन्हींच्या मध्ये उभा असतो: भक्कम पुराव्यावर, आणि नव्या पुराव्याला दार उघडे ठेवून.

पुस्तकाचे तीन भाग आहेत. पहिल्यात पॅली, उदयन, ह्यूम आणि डार्विन यांच्यापर्यंतचा इतिहास आहे. दुसऱ्यात बीही आणि डेम्ब्स्की यांचे युक्तिवाद, शक्यतो त्यांना मान्य होतील अशा शब्दांत, आणि प्रत्येकाला दिलेली उत्तरे. तिसऱ्यात न्यायालये आणि वर्ग. घाईत असलेल्या वाचकाने तिसरा भाग आधी वाचला तरी चालेल. पण दुसरा भाग वगळू नये. विरोधकाचे म्हणणे न वाचता त्याच्या पराभवावर खूश होणे हीसुद्धा एक प्रकारची अंधश्रद्धाच आहे.

माझी विनंती विशेषतः शिक्षकांना आहे. पुढच्या वर्षीही तुमच्या वर्गात कुणीतरी विचारील, डोळा आपोआप कसा झाला? त्याला खाली बसवू नका. त्याला फळ्याजवळ बोलवा, वाटीसारखा डोळा काढून दाखवा, नॉटिलसचा दाखवा, ऑक्टोपसचा दाखवा, आणि जे अजून कुणाला कळलेले नाही तेही सांगा. उद्या ते शोधून काढणारा कदाचित तोच असेल.